डाव्या डोळ्याला फिका टोमॅटो

खोडद,
२९ मार्च २००९

प्रिय दादा,

अक्षर पाहून गोंधळू नकोस. पत्र माझंच आहे, फक्त हात माझा नाही. माझ्या उजव्या हातात आता चमचासुद्धा टिकत नाही, तर पेन कुठून टिकणार? हे तुझ्या फायलीत कुठंतरी नोंदलेलं असेलच. जीभही जड झाली आहे, पण माझं बोलणं कळणारं एक माणूस आहे. मी एकेक वाक्य सांगते, ते माणूस लिहून घेतं. नजरही धूसर झाली आहे, लिहिलेलं मला वाचता येत नाही, त्यामुळं विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. तीन दिवस झाले, दुपारची जेवणं आटोपली की आम्ही बसतो. फोनवर का बोलली नाहीस असं तुझ्या मनात येईल, म्हणून आधीच सांगते. फोनवर मी अडखळले की माझं वाक्य तू पुरं करतोस, आणि पुरं झालेलं वाक्य नेहमी तुझ्या सोयीचं असतं. कागदावर तुला ते जमणार नाही.

खुशाली सांगते. यंदा ऊन लवकर तापलंय. दहा वाजले की माझ्या अंगातलं उरलंसुरलं बळ निघून जातं, म्हणून शेजारची लंकाबाई सकाळीच मानेवर ओला पंचा टाकून जाते आणि जाताना न चुकता म्हणते, 'अंजे, तुला ऊन लई बाधतंय बाई, कुनाची तरी नजर हाय.' मी हो म्हणते. गावाजवळची मोठी रेडिओ दुर्बीण बघायला शाळांच्या सहली येतात, पोरं आपल्या ओट्यावर पाणी प्यायला थांबतात आणि मी अशी का बसले आहे ते एकमेकांना विचारतात. हर्षालीचा बारावीचा शेवटचा पेपर गुरुवारी झाला. भूगोलाचा तो पेपर तिनं डावा डोळा मिटून लिहिला. लग्नाच्या पत्रिका नारायणगावात छापायला टाकल्या आहेत. तारीख आठ मे. मामा म्हणून तुझं नाव ठळक घेतलंय, खाली तुझ्या सगळ्या पदव्या. व्याही गेणभाऊंनी तसं मुद्दाम सांगितलं. मुलगा चांगला आहे. द्राक्षबाग आहे, बोलायला मऊ आहे आणि पोरीला तो मनापासून आवडलाय. काय काय मोडू शकतं ते तुला नीट दिसावं, म्हणून हे एवढं सांगितलं.

आता तुझा निरोप. पोरीच्या डोळ्याचं मी कळवलं तेव्हा तू फोनवर म्हणालास, 'अंजू, हर्षालीला इतक्यात काही सांगू नकोस. लग्न पार पडू दे. मग चष्म्याच्या निमित्तानं मी तिला पुण्याला आणतो, गुपचूप तपासतो. नीट विचार कर आणि कळव.' विचार केला. कळवते आहे.

पण त्याआधी जरा मागं जाऊ. १९९० सालचा चैत्र. तू मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीवर घरी आलेला. मी एकोणीस वर्षांची. निमगाव सावाच्या भगवंतशी आई-आबांनी माझं लग्न ठरवलं होतं आणि पंधरा दिवस राहिले होते. मला डाव्या डोळ्यानं धुकं दिसायला लागलं. डोळा फिरवला की आतून दुखायचं. आई म्हणाली, टोमॅटोवरच्या औषधाचा फवारा उडाला असेल. तू मला ओट्यावर बसवलंस, पाटीतला एक पिकलेला टोमॅटो उचललास, माझ्यासमोर धरलास. आधी एक डोळा झाकायला लावलास, मग दुसरा. कोणत्या डोळ्यानं जास्त लाल दिसतो, असं विचारलंस. मला हसू आवरेना. एवढं शिकून आमचा दादा टोमॅटो दाखवतोय! मी म्हटलं, उजव्यानं लालभडक आहे, डाव्यानं धुऊन रंग गेल्यासारखा फिका. तू पुन्हा विचारलंस, मी पुन्हा तेच सांगितलं. मग माझ्या पायाच्या तळव्यावर तू किल्लीनं ओरखडा काढलास आणि अंगठ्याकडं बघत बसलास. त्यानंतर टोमॅटो पाटीत परत ठेवलास. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं पुण्याला गेलास. आई कौतुकानं सगळ्यांना सांगत होती, 'पोराला अभ्यासाची लई काळजी.'

हळदीपर्यंत माझा डोळा बराचसा निवळला. तूही परत आलास. लग्नात कानपिळीला तुला पुढं बोलावलं. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो आणि बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावतो, एवढाच तो विधी. सगळे हसत होते. भगवंतचा कान तुझ्या हातात होता, दादा. तुझं तोंड त्या कानापासून वीतभर लांब होतं. तू नुसता कान पिळलास, फेटा आणि नारळ घेतलास आणि मागं सरकलास. त्या क्षणाचा फोटो आहे. फोटोत तू हसत नाहीयेस. मला वाटायचं, बहीण सासरी निघाली म्हणून वाईट वाटलं असेल. कितीतरी वर्षं तो फोटो मी सगळ्यांना दाखवला.

पुढच्या फेब्रुवारीत पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले आणि हर्षाली झाली. पाचव्या-सहाव्या दिवसापासून कमरेखाली मुंग्या यायला लागल्या, मग पाय जड पडले. मी आईला म्हटलं, पाय माझे वाटत नाहीत. आईला जे ठाऊक होतं ते तिनं केलं. बाळंतिणीचे पाय गार पडले म्हणजे शेक कमी पडतोय. बाजेखालच्या शेगडीत तिनं निखारे वाढवले, वर ओवा आणि वेखंड टाकलं, दारं लावून घेतली. जेवढा शेक वाढला तेवढी मी गळत गेले, आणि जेवढी मी गळत गेले तेवढा तिनं शेक वाढवला. आठव्या दिवशी दुपारी बाळाला पाजता पाजता माझा डोळा लागला. गोधडीचं टोक खाली लोंबलं आणि पेटलं. आई पाणी शेंदून आली ती वासानं. माझी उजवी पोटरी हाडापर्यंत भाजली होती आणि मी झोपेत होते, दादा. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. आईची किंकाळी ऐकून मी जागी झाले आणि बाळाला काय झालं असं विचारलं.

दोन दिवसांनी तू आलास. जखम धुतलीस, मलम लावलंस, पट्टी बांधलीस. अगदी हलक्या हातानं बांधलीस, ते मी नाकारत नाही. आईला एवढंच म्हणालास की तिला शेक देऊ नका, उष्णता सोसत नाही. आई कोपऱ्यात बसून कपाळ बडवत होती, 'म्या माज्या पोरीला भाजली, माज्या हातानं भाजली.' तू तिला उचलून उभं केलंस, पाणी पाजलंस आणि गेलास.

जखम भरली तरी चाल सुधारली नाही. मी पाय ओढायला लागले. गावानं कारण आईच्या नावावर ठरवून टाकलं: कुशाबाईनं शेकून पोर लंगडी केली. पाणवठ्यावर बाया बोलायच्या, आई ऐकून घ्यायची. लंकाबाईच्या सुनेचं बाळंतपण झालं तेव्हा आई मदतीला गेली, तर त्यांनी तिला शेगडीला हात लावू दिला नाही. त्या दिवशी ती माझ्यासमोर बसून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. भगवंतनं पाच वर्षं कळ काढली. मग एक दिवस मला आणि हर्षालीला जीपमधून इथं आणून सोडलं, म्हणाला, 'पाय धड झाले की कळवा, न्यायला येतो.' दुसरी आणल्याचं त्यानं कळवलंही नाही, आम्हाला नारायणगावच्या बाजारात कळलं. आईनं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही. ती म्हणायची, त्याचं काय चुकलं, वस्तू मीच बिघडवून दिली. मी परत आल्यापासून पाच वर्षं तिनं रोज माझ्या त्या पोटरीला तेल चोळलं. पाय बरा व्हावा म्हणून नव्हे, माफी मागायचा तिचा तो एवढाच मार्ग होता. २००१ साली ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या पोटरीवरच होता आणि शेवटपर्यंत तिच्या तोंडी तेच होतं, म्या भाजली.

तू तेव्हा इंग्लंडमध्ये होतास. याच रोगावर काम करत होतास. दर रविवारी फोन यायचा, आई आधी बोलायची, मग मी. एक वाक्य पुरलं असतं. 'आई, तिचे पाय तुझ्या निखाऱ्यांनी गेले नाहीत, पाय आधीच चालले होते म्हणून तिला निखारे कळले नाहीत.' एवढंच. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणता आलं नसतं, पण हे वाक्य तिला कळलं असतं. माझं सोड. माझ्यावर तू केलंस ते मी कधीतरी गिळेनही. आईचं मला गिळता येत नाही.

२००३ साली तू परत आलास, पुण्याच्या मोठ्या इस्पितळात तुझा विभाग सुरू झाला आणि तू मला गाडीत घालून घेऊन गेलास. मेंदूचे फोटो काढले. तू काचेवर ते लावून मला पांढरे ठिपके दाखवलेस. समजावून सांगितलंस की मज्जातंतूंवर एक आवरण असतं आणि या रोगात आपलंच शरीर ते कुरतडतं, विहिरीवरच्या मोटरची वायर उंदरांनी कुरतडावी तसं. फार छान समजावलंस. मी तुझ्याकडं देव सापडल्यासारखी बघत होते. बारा वर्षं देवऋषी, वाताचे काढे, मणक्याचा पट्टा करून झालेलं माणूस, त्याला अखेर कुणीतरी रोगाचं नाव सांगितलं. मग तुझ्या हाताखालची एक तरुण डॉक्टरीण माझी माहिती लिहायला बसली. पहिली तक्रार कोणती, असं तिनं विचारलं. मी गंमत म्हणून टोमॅटोची गोष्ट सांगितली. ती पोर एकदम खूश झाली. म्हणाली, अहो, ही तर डोळ्याच्या नसेची तपासणी, आम्हाला सरांनीच शिकवली, लाल रंग आधी फिका पडतो. तुमची कुणी केली होती? मी तुझ्याकडं पाहिलं. तू फायलीत बघत होतास. फाईल कोरी होती, दादा, अजून तिच्यात काही लिहिलंच नव्हतं.

तेव्हा तू एका नव्या औषधाची चाचणी घेत होतास. निम्म्या रुग्णांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाच्या वाट्याला काय आलंय ते रुग्णालाही माहीत नसतं, डॉक्टरलाही नसतं. मी म्हटलं, मलाही घे, पाणी मिळालं तरी चालेल. तू मान हलवलीस. रोग येतो-जातो तोवर औषधाचा उपयोग, तुझा आता जात नाही, असं म्हणालास. त्या रात्रीपासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मलाही तेरा वर्षं पाणीच मिळालं. फरक एवढाच की माझ्या वेळी डॉक्टरला माहीत होतं.

मग गाडीत परत येताना मी विचारलं आणि तू उत्तर दिलंस. तेवढं श्रेय तुला देते. म्हणालास, मी विद्यार्थी होतो, खात्री नव्हती, आबांना सांगायची छाती झाली नाही. आणि म्हणालास, सांगून तरी काय झालं असतं, तेव्हा या रोगावर औषधच नव्हतं. उत्तर सुचायला मला सहा वर्षं लागली. औषध नव्हतं, पण शेगडी होती. शेगडी विझवायला कुठलंही संशोधन लागत नव्हतं.

लोक तुझ्याविषयी चांगलं बोलतात. लांबलांबून रुग्ण येतात, तू त्यांना वेळ देतोस, त्यांच्या बायका-पोरांना बाहेर बसवून एकेक गोष्ट समजावतोस. हा रोग तू माझ्यामुळं निवडलास, हेही मला कळतं आणि खरंही वाटतं. बहिणीसाठी कुणी साडी घेतं, तू माझा रोग घेतलास. तुझ्या व्याख्यानांत माझे ठिपके भिंतीवर मोठे करून दाखवतात, खाली लिहितात, रुग्ण 'अ'. माझी ना नाही. दिवाळीत पेपरात तुझा लेख आला होता, तो मी वाचून घेतला आणि कात्रण उशाखाली ठेवलं. त्यात तू लिहिलंयस, पहिलं लक्षण दिसलं की महिने मोजू नका, दिवस मोजा. आता औषधं आहेत, वेळ गमावणं हाच खरा अपंगपणा. फार छान लिहिलंयस. ते लोकांसाठी होतं असं दिसतंय.

कारण बारा मार्चला हर्षाली मला म्हणाली, 'आई, डाव्या डोळ्यात लई धुकं आल्यासारखं व्हतंय, फिरवला की ठनकतोय.' मी तिला म्हटलं, जा, टोमॅटो घेऊन ये. दादा, ती हसली. अगदी माझ्यासारखी हसली. मी तिला आधी एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा. तिनं सांगितलं, 'डाव्यानं शिळा दिसतोय.' मीही हसले आणि म्हटलं, भाजीत टाक. मग लंकाबाईच्या हातानं तुझा नंबर फिरवला. तू आकडे सांगितलेस, आईला असला तरी शंभरातल्या दोघा-तिघा मुलांनाच होतो, नुसती नसेची सूजही असेल. असू दे, तसंच असू दे. मी रोज तेवढंच मागते. पण तूच पुढं म्हणालास, तपासणी लग्नानंतर. दिवस मोजणारा डॉक्टर भाचीच्या वेळी आठ आठवडे मोजायला लागला. म्हणालास, आता कळलं तर लग्न मोडेल, पोरीचं आयुष्य नासेल. तुझं तिच्यावर प्रेम आहे, यात मला शंका नाही. माझ्यावरही होतं. त्या प्रेमाचंच मला भय वाटतं.

खरं सांगायचं तर तिचे पेपर संपेपर्यंत दोन आठवडे मीही तुझ्याच बाजूची होते. हे मला लाज वाटून सांगावं लागतंय. पत्रिकेचा नमुना हातात घेऊन मी मनाशी म्हटलं, आठ मे काही लांब नाही, नव्या घरात जाऊ दे, चार दिवस सुखाचे बघू दे. एका पोरीला मायेनं कसं बुडवतात ते मला आतून कळलं. मग मला आठवलं की पहिल्या बाळंतपणाला ती इथंच येणार, याच बाजेवर. आणि शेगडी अजून माळ्यावर आहे.

तू विचारलं होतंस, तिला सांगायचं का. दादा, हे पत्र लिहून घेणारं माणूस हर्षाली आहे. माझं बोलणं तिच्याशिवाय कुणाला कळतं? तू दहावीला दिलेल्या पेनानंच ती लिहिते आहे. परवा तुझा फोनवरचा निरोप सांगितला तिथं तिचं पेन थांबलं. मला तिचा चेहरा दिसत नाही, फक्त कागदाची खरखर थांबलेली ऐकू आली. मी पुढचं वाक्य सांगितलं. टोमॅटोशी आलो तेव्हा ती उठून आत गेली, बराच वेळ आली नाही. परत आली आणि एवढंच म्हणाली, 'सांग पुढं.' शेगडीचं सांगत होते तेव्हा तिनं माझ्या पोटरीवर हात ठेवला. लहानपणापासून तिला सांगितलं होतं की तुझ्या आज्जीच्या हातून चुकून भाजलं. अठरा वर्षांच्या पोरीला तिच्याच हातानं हे लिहायला लावणं किती दुष्टपणाचं आहे ते मला कळतं. समोर बसवून सांगायला गेले असते तर मी मऊ झाले असते, निम्मं पोटात ठेवलं असतं, तुझीच बहीण आहे. म्हणून हे पत्र. तुला लिहायचं निमित्त होतं, कळवायचं होतं तिला. पुढच्या सोमवारी, सहा एप्रिलला, ती सकाळच्या एसटीनं तुझ्याकडं येते आहे. पत्रिका वाटायच्या आधी त्या मुलाला काय सांगायचं ते ती स्वतः ठरवणार आहे, तू नाही आणि मीही नाही. तू फक्त तिला तपास, औषध लगेच सुरू करावं लागलं तर त्याच दिवशी कर, आणि जे दिसेल ते तिच्या कानात स्पष्ट सांग. एवढं तरी करशील ना.

तुझीच,
अंजू

मामा, या चार ओळी माझ्या आहेत, आईला न सांगता लिहिते. शेवटी नाव घालायच्या आधी तिनं तुम्हाला माफ केल्याचं एक वाक्य सांगितलं होतं. ते मी लिहिलेलं नाही. सोमवारी साडेअकराला शिवाजीनगरला उतरेन, स्टँडवर या.
हर्षाली